शेवटच्या गाडीआधीचं गाणं

कॉन्सर्टला काय घालायचं यावर ग्रुपवर तीनशे मेसेज पडतात. परत कसं जायचं, याचा विचार मात्र ग्रुपमधल्या एक-दोघीच करत असतात आणि तोही मनातल्या मनात. या वेळी तो विचार ग्रुपवर करून पाहा.

पोस्टर लागलं की कॉलेजचं हवामान बदलतं. कॅन्टीनच्या भिंतीवर, पार्किंगच्या पत्र्यावर, लायब्ररीच्या दारावर तोच एक फोटो. कुठं 'म्युझिकल नाईट' लिहिलेलं असतं, कुठं 'लाइव्ह इन कॉन्सर्ट'. जुने सर अजूनही त्याला 'गॅदरिंगचा ऑर्केस्ट्रा'च म्हणतात. नाव काही का असेना, पोस्टर लागल्यावर पाचव्या मिनिटाला तुमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येऊन पडतो, "काय घालूलालीस?"

या प्रश्नाला हसू नका. नांदेड असो की लातूर, आपल्याकडं संध्याकाळी नटून बाहेर पडायची निमित्तं मोजकीच. लग्न, दिवाळी, दांडिया, फार तर कुणाचा वाढदिवस. तिथं घरचे सोबत असतात आणि बहुतेक वेळा कपडेही घरच्यांच्याच पसंतीचे असतात. कॉलेजची कॉन्सर्ट म्हणजे वर्षातली ती एक संध्याकाळ, जेव्हा तुम्ही स्वतःच्या पसंतीनं, स्वतःच्या दोस्तांसाठी तयार होता. मग आठ दिवस आधीपासून तयारी चालली तर बिघडलं कुठं?

एक जीन्स, चार मैत्रिणी

लातूरकरांची पहिली फेरी ठरलेली, गंजगोलाई. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. कानातलं एका रस्त्यावर, मॅचिंग ओढणी दुसऱ्या रस्त्यावर आणि चपलेसाठी पुन्हा पहिल्या रस्त्यावर. नांदेडकर वजिराबादला नाहीतर तारासिंग मार्केटला. कधीकाळी हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता, त्याची खूण बाजारात अजून दिसते. खड्यांच्या बांगड्या, जरीच्या ओढण्या, पठाणी आणि शेरवानी इथं फक्त ईदला आणि लग्नालाच विकल्या जातात असं नाही.

पण खरी देवाणघेवाण बाजारात होत नाही, हॉस्टेलच्या रूममध्ये होते. किनवटच्या मुलीचा कुर्ता, देगलूरच्या मुलीचे झुमके, उदगीरच्या मुलीची जीन्स आणि इस्त्री समोरच्या रूममधून मागून आणलेली. एकच जीन्स चौघींना होते ती कशी, हे गणित अजून कुणाला सुटलेलं नाही. मुलांचंही यापेक्षा वेगळं नसतं. चुलतभावाच्या लग्नातलं ब्लेझर, रूम पार्टनरचं घड्याळ, त्याचाच परफ्यूम आणि रात्रीच्या कार्यक्रमाला डोळ्यावर गॉगल. का, ते विचारायचं नाही.

मागून आणलेल्या कपड्यांची लाज वाटून घेऊ नका. 'मागच्या गॅदरिंगलाही हाच घातला होतास ना?' असं विचारणारा एखादा नग प्रत्येक वर्गात असतो. त्याला सांगा, हो, हाच होता, छान दिसतो म्हणून परत घातला. एका रात्रीच्या फोटोसाठी घरून येणाऱ्या महिन्याच्या पैशातला निम्मा कपड्यांवर गेला, तर उरलेल्या महिन्यात मेसचं बिल कुणाकडून मागणार? लेहंगा, ब्लेझर, नऊवारी भाड्यानंही मिळते. चौघींनी मिळून दागिन्यांचा एक सेट घेतला तर तो ट्रॅडिशनल डेलाही चालतो, सारी डेलाही.

आणि घरातलं कपाट विसरू नका. लातूरच्या एका अंगाला बीदर, नांदेडच्या एका अंगाला तेलंगणा. त्यामुळं आपल्या आज्यांच्या कपाटात कर्नाटकातल्या इळकलहून आलेलं इरकल असतं, तेलंगणातल्या नारायणपेठेची साडी असते. त्यावर एक साधा काळा ब्लाऊज आणि ऑक्सिडाइज्डचे झुमके, बस. त्या इरकलाचा क्रॉप टॉप शिवायचा मोह होईल. कात्री लावण्याआधी आजीला विचारा. ती 'काप गं' म्हणाली तर तुमचं नशीब, नाहीतर त्या साडीचा पदर कोणत्या साली आणि कुणी घेऊन दिला, ही गोष्ट ऐकायला मिळेल. तोटा कशातच नाही.

मैदान काळं, रात्र गार

कपडे ठरवताना आरशासोबत मैदानाचाही विचार करा. आपल्याकडचे कार्यक्रम बंद सभागृहापेक्षा मैदानावर जास्त होतात. खाली काळी माती किंवा मुरूम, त्यावर सतरंजी किंवा नुसतीच धूळ. टाचेची सँडल काळ्या मातीत रुतते आणि मुरुमावर घसरते. पांढरे शूज अर्ध्या तासात पांढरे राहत नाहीत. चार तास उभं राहायचंय, नाचायचंय, मध्येच खाली बसायचंय, त्यामुळं पायात रोजची, सवयीची चप्पल किंवा बूट असलेले बरे. फोटोत पाय येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

गॅदरिंगचा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. दुपारी ऊन असतं म्हणून आपण पातळ कपड्यात निघतो आणि आठ वाजता दात वाजायला लागतात. एक जॅकेट किंवा शाल कमरेला बांधून न्या. पहिल्या दोन गाण्यांना ती ओझं वाटेल, शेवटच्या दोन गाण्यांना तीच चौघींच्या अंगावर असेल. साडी असेल तर पिना जास्त लावा आणि दोन पिना जवळ ठेवा. लांब ओढणी गर्दीत कुणाच्याही बॅगेत, बटणात, कड्यात अडकते, ती एका बाजूला गाठ मारून बांधून टाका. खिसा असलेला ड्रेस मिळाला तर तोच घ्या. मोबाइल हातात धरून नाचता येत नाही आणि मैत्रिणीच्या पर्समध्ये ठेवलेला मोबाइल ऐनवेळी मैत्रिणीसकट हरवतो.

आता कानांचं. स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहण्यात शौर्य काही नाही. ८५ डेसिबलचा आवाज कान दिवसाला साधारण आठ तास सोसू शकतो. पुढं दर तीन डेसिबलला ही वेळ निम्म्यानं कमी होत जाते. १०० डेसिबलला ती उरते फक्त पंधरा मिनिटं. कॉन्सर्टमध्ये स्पीकरजवळ १०० सहज होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कानात शिट्टी वाजत राहिली तर ती कॉन्सर्टची आठवण नाही, कानाची तक्रार आहे. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. ते घातले तरी गाणं ऐकू येतं, फक्त त्यातला मार कमी होतो.

आधी कोण जायचं?

गाणं ऐकायला रात्री बाहेर पडणं आपल्या भागाला नवीन नाही. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा घ्या. मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंटांचा बाजार, कुस्त्या आणि रात्री तमाशाचे तंबू. पुढं तिथं लावणी महोत्सवही व्हायला लागला. तुमच्या आजोबांना विचारा, तंबूच्या कडेला उभं राहून रात्र काढल्याच्या गोष्टी ते रंगवून सांगतील. तोच प्रश्न आजीला विचारून पाहा. बहुतेक आज्या सांगतील, खेळणी घेतली, भंडारा घेतला आणि दिवस मावळायच्या आत बैलगाडीत बसलो. तंबूतलं गाणं त्यांनी ऐकलं ते लांबून, वाऱ्यावर.

मैफलींचीही परंपरा आहे. नांदेडला यशवंत महाविद्यालयाच्या परिसरात शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ 'संगीत शंकर दरबार' होतो. शास्त्रीय संगीताची मोठमोठी मंडळी तिथं येऊन गायली, वाजवली. तिथंही विद्यार्थी जातात, पण ती बसून ऐकायची मैफल. शेजारी काका-काकू असतात, दाद द्यायची ती 'वाह' म्हणून. तिथं जाऊ द्यायला घरचे सहसा खळखळ करत नाहीत.

आणि कॉलेजचं स्टेज आहेच. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिदिनीच सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे संघ विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरतात. लावणी, पोवाडा, समूहगान, मूकाभिनय, एकांकिका. तिथं गावाकडची मुलगी पहिल्यांदा फेटा बांधून डफ धरते आणि हजार पोरांसमोर पोवाडा गाते. म्हणजे स्टेजवर जायला मुलींनी कधीच सुरुवात केलीय. राहिलंय ते स्टेजसमोरचं मैदान. उभं राहून, ओरडून, नाचून गाणं ऐकायचं मैदान. २०१६ ला 'सैराट' आला आणि 'झिंगाट' वाजायला लागलं तेव्हापासून तर या मैदानावर कुणाला बसवत नाही. पण त्या गर्दीत पुढं कोण असतं आणि कडेला कोण असतं, हे पुढच्या वेळी जरा मान वळवून बघा. आणि साडेसातनंतर पुन्हा एकदा बघा. कडेच्या मुली तोवर कमी झालेल्या असतील.

त्या कुठं गेल्या?

गाडीचं गणित

त्या बसस्टँडवर गेल्या.

आपल्या कॉलेजांतल्या अर्ध्या गोष्टी अप-डाऊनवर चालतात. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर इथून लातूरला. लोहा, मुखेड, अर्धापूर, भोकर, नायगाव इथून नांदेडला. सकाळच्या गाडीनं यायचं, संध्याकाळच्या गाडीनं जायचं. आणि तालुक्याच्या पुढच्या गावाला तर एकच मुक्कामी गाडी. ती गेली की सकाळपर्यंत दुसरं काही नाही. मुलगा असेल तर मित्राच्या रूमवर पडतो, नाहीतर हात दाखवून कुठल्या तरी टेम्पोत बसतो. मुलीला हे दोन्ही रस्ते नसतात.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. त्याचा उपयोग मोठा झाला, यात वाद नाही. पण अर्ध्या तिकिटानं शेवटची गाडी उशिरा सुटत नाही. पोस्टरवर 'सायं. ६ वा.' लिहिलेलं असतं. सहाला साउंड चेक, साडेसहाला पाहुण्यांची वाट, सातला दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग मनोगत, मग दुसरं मनोगत. पहिलं खरं गाणं वाजतं तेव्हा मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर स्टँडवर चहा संपवत असतो. या मुलीनं आठ दिवस तयारी केली, झुमके मागून आणले, घरी परवानगी मिळवली आणि ऐकले काय, तर हारतुरे.

हॉस्टेलच्या मुलींची गत निराळी, पण निकाल तोच. रेक्टर मॅडमच्या वहीत सही करायची वेळ ठरलेली असते. मुलांच्या हॉस्टेलचं गेट लवचीक, मुलींच्या हॉस्टेलचं पक्कं. लातूरच्या ट्यूशन एरियात राहणाऱ्या अकरावी-बारावीच्या पोरींना तर कॉन्सर्ट हा शब्दच 'नीट झाल्यावर' या कप्प्यात ठेवायला सांगितलेला असतो. त्याच घरातला, त्याच वयाचा चुलतभाऊ मात्र 'एक दिवस काय होतंय' म्हणत पहिल्या रांगेत दिसतो.

घरी काय सांगून आलात?

यातून एक सवय तयार झालीय, ती म्हणजे घरी खोटं सांगायची. 'एक्स्ट्रा लेक्चर आहे', 'प्रॅक्टिकल लांबलंय', 'मैत्रिणीकडं सबमिशनला थांबलेय'. असं का सांगावं लागतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं उपदेश नको. फक्त त्यातला धोका नीट समजून घ्या. घरी खोटं सांगून आलेली मुलगी अडचणीत आली की घरी फोन करत नाही. गाडी चुकली, कुणी मागं लागलं, पाय मुरगळला, काहीही झालं तरी पहिला विचार 'घरी कळेल' हाच येतो. मग ती कुणाच्याही गाडीवर बसते, ओळख असो वा नसो. त्रास देणाऱ्याला हे नेमकं माहीत असतं.

म्हणून सगळ्या घराला सांगता येत नसेल तर घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला खरं सांगा. एखादी मावशी, आत्या, मोठा दादा, वहिनी. शहरात एखादी आत्या असेल तर त्या रात्रीपुरता मुक्काम तिच्याकडं ठरवा. आणि वडिलांना विचारायचं धाडस करणार असाल तर 'जाऊ का?' एवढंच विचारू नका. एवढ्याशा प्रश्नाला 'नाही' हे उत्तर सोपं असतं. किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, सोबत कोण कोण, परत कशी येणार, सोबतच्या मैत्रिणीच्या आईचा नंबर, असा सगळा कागदच पुढं ठेवा. बापलोकांना गाण्याची भीती नसते हो, त्यांना रात्रीच्या रस्त्याची भीती असते. रस्त्याचं उत्तर तयार असलं की बोलणं पुढं सरकतं. पहिल्या वर्षी नाही सरकलं तर दुसऱ्या वर्षी.

नियम वाचलेत का?

रात्री दहाचा नियम सगळ्यांना माहीत असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणासुदीच्या, सांस्कृतिक कार्यक्रमांच्या निमित्तानं सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. दहाला पोलीस येऊन साउंड बंद करतात तेव्हा आपण सगळे ओरडतो. पण दहाची मर्यादा आधीपासून माहीत असताना सहाचा कार्यक्रम आठला सुरू करणाऱ्यावर मात्र कुणी ओरडत नाही.

दुसरा नियम फार कमी जणांना माहीत असतो. उच्च शिक्षण संस्थांमधला लैंगिक छळ रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं केलेली २०१५ ची नियमावली आहे. तिच्यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली, सुरक्षेचं कारण पुढं करून हॉस्टेलमधल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळी, भेदभावाची बंधनं घालता येत नाहीत. दुसरी, विद्यार्थ्यांना लायब्ररीत, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत काम करता यावं आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांना हजर राहता यावं म्हणून संस्थेनं भरवशाच्या वाहतुकीचा विचार करावा. होय, संध्याकाळचे कार्यक्रम असं त्यात म्हटलेलं आहे. कॉन्सर्टला बस मागणं हा लाडिक हट्ट नाही, आयोगाच्या नियमावलीला धरून केलेली मागणी आहे.

याच नियमावलीप्रमाणं प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. कार्यक्रमाच्या गर्दीत कुणी हात लावला, पाठलाग केला, नको ते व्हिडिओ काढले, तर तक्रार तिथं करता येते. समितीवरच्या मॅडम कोण आहेत, हे कॉन्सर्टच्या आधी माहीत करून घ्या. नंतर शोधायला सुरुवात केली की 'जाऊ दे' म्हणणारे खूप भेटतात.

गर्दी वाईट नसते, दार अरुंद असतं

२५ नोव्हेंबर २०२३. केरळमधल्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात तांत्रिक महोत्सवाच्या समारोपाला कॉन्सर्ट होती. जागा खुल्या रंगमंचाची, आत जायला पायऱ्या उतरून जावं लागायचं. गाणं सुरू व्हायच्या आधीच पाऊस आला, बाहेरची गर्दी आडोशासाठी एकदम आत शिरली आणि पायऱ्यांवर पुढचे पडले, त्यांच्यावर मागचे पडले. चार जण गेले. त्यातले तीन विद्यापीठाचे विद्यार्थी होते. तेही तुमच्यासारखेच तयार होऊन आले होते.

अशा ठिकाणी माणसं पायाखाली तुडवूनच मरतात, असा आपला समज असतो. बहुतेक वेळा जीव जातो तो दाबानं. छाती फुलायला जागाच उरत नाही आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो. म्हणून आत शिरताना आपण कुठून आलो ते बघा आणि दुसरं दार कुठं आहे तेही बघा. आजूबाजूची माणसं चारी बाजूंनी अंगाला टेकायला लागली आणि हात वर घेता येईना, की ती जागा सोडायची वेळ झाली. तेव्हा गाणं कितीही आवडतं असो, निघा. अडकलातच तर दोन्ही हात छातीपुढं धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लोटालोटीच्या उलट दिशेला जोर लावू नका. लाट थांबली की तिरकं तिरकं कडेला सरका. खाली पडलेला मोबाइल उचलायला वाकू नका. चप्पल गेली तर जाऊ द्या. आता कळलं, सवयीची चप्पल घाला असं का म्हटलं ते?

पोरांनो, तुमच्यासाठी

ग्रुपमधल्या मुलींना 'सेफ' ठेवायची जबाबदारी आपली, असं म्हणत त्यांच्याभोवती हाताचं कडं करून उभे राहू नका. कडं करून त्यांना ना नीट दिसतं, ना नाचता येतं. त्यापेक्षा आपल्याच वर्गातला कुणी गर्दीत हात साफ करत असेल तर त्याला तिथंच अडवा. त्याचा मित्र म्हणून तुमचं बोलणं त्याला लागेल, दुसऱ्याचं नाही लागणार. मुलगी हसून बोलली, तुमच्यासोबत नाचली, तुमच्या गाडीवर बसली, याचा अर्थ तिला घरी जायचं होतं एवढाच घ्या. सोडायला जाणं म्हणजे उपकार नाही, त्याचा हिशेब नंतर मागू नका.

आणि ट्रिपल सीट नको. विष्णुपुरीला विद्यापीठ आहे, श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून नांदेड शहरात यायचा रस्ता हायवेचा, ट्रकचा. लातूरलाही औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड रात्री तसेच. कार्यक्रमाआधी कुणी 'थोडीशी' घेतली असेल तर त्याच्या हातातली किल्ली काढून घ्या. तो तेव्हा चिडेल. चिडू द्या.

उलटं मोजा

आता कॉलेजच्या सांस्कृतिक समितीत असलेल्यांसाठी. तुमच्याकडं एक साधी ताकद आहे, ती म्हणजे वेळापत्रक. आजवर ते वरून खाली ठरतं. पाहुणे कधी येणार, त्यावर उद्घाटन. उद्घाटन संपल्यावर गाणी. गाणी संपतील तेव्हा संपतील. या वर्षी ते उलटं करून पाहा. आधी स्टँडवर जाऊन विचारा, कॉलेजातल्या मुली ज्या मार्गांनी येतात त्या मार्गांची शेवटची गाडी किती वाजता सुटते. त्यातून स्टँडवर पोचायचा वेळ वजा करा. जी वेळ उरेल ती कार्यक्रम संपायची वेळ. मग त्यातून अडीच तास मागं या, तिथं पहिलं गाणं. समजा गाडी साडेसातची असेल आणि स्टँडवर जायला अर्धा तास लागत असेल, तर सातला शेवटचं गाणं संपलं पाहिजे आणि साडेचारला पहिलं सुरू झालं पाहिजे. सत्कार? ते दुपारी बक्षीस समारंभात उरकून टाका. पाहुण्यांनाही घरी लवकर जायचं असतंच.

हे जमलं नाही तर एसटीशी बोला. लग्नाला, सहलीला जशी गाडी मिळते, तशी प्रासंगिक करारावर कॉलेजलाही मिळते. दोन मार्गांवर दोन गाड्या, सोबत एक मॅडम, तिकिटाचे पैसे नाव नोंदवतानाच घ्यायचे. एका मोठ्या गायकाच्या मानधनापुढं हा खर्च काहीच नाही. एनएसएसची पोरं गेटवर उभी करायची असतील तर त्यात मुलीही घ्या. येण्याचं आणि जाण्याचं दार वेगळं ठेवा, प्यायला पाणी, मुलींसाठी उजेडातलं स्वच्छतागृह आणि स्टेजच्या कडेला प्रथमोपचाराची पेटी. एवढं झालं की प्राचार्यांकडं जाऊन सांगा, गर्दी या वर्षी जास्त होणार आहे, कारण या वर्षी मुली शेवटपर्यंत थांबणार आहेत.

ज्या कॉलेजात अर्धा वर्ग साडेसातला उठून जातो, तिथं बँडवाल्यांनाही शेवटी अर्ध्याच मैदानापुढं गावं लागतं. त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं ते शेवटाला राखून ठेवतात. मुखेडच्या, निलंग्याच्या, किनवटच्या मुलीनं ते गाणं यूट्यूबवरच का ऐकावं?

निघण्याआधी एवढं बघा

• मोबाइल पूर्ण चार्ज, आणि दोन नंबर कागदावर लिहून खिशात. गर्दीत नेटवर्क जातं, बॅटरीही जाते.

• चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. 'स्टेजजवळ' ही जागा होत नाही. कॉलेजचं मुख्य गेट, पाण्याची टाकी, झेंड्याचा खांब, असं काहीतरी न हलणारं सांगा.

• परतीची गाडी, तिची वेळ, कोण कुणासोबत, हे ग्रुपवर लिहून पिन करा.

• पाणी आणि काहीतरी पोटभर. उपाशीपोटी नाचून चक्कर येते.

• खरे दागिने घरी. खोटे हरवले तर रडू येत नाही.

• अडचणीत ११२ लावा.

• घरी पोचलेल्यानं 'पोचले' एवढा मेसेज टाकायचा. सगळ्यांचा आल्याशिवाय ग्रुपमधल्या एकानं तरी झोपायचं नाही. फोटो त्यानंतर टाका, रात्र आपलीच आहे.